शिट्टी ज्याच्या गळ्यात

शाळेतल्या खेळाच्या तासाचा हिशेब आधी मांडू या. वेळापत्रकात पस्तीस-चाळीस मिनिटं लिहिलेली असतात. मुलं रांगेनं मैदानावर येईपर्यंत त्यातली पाच जातात, काही हजेरीत, आणि शेवटची पाच हातपाय धुऊन वर्गात परतण्यात. उरलेल्या वेळात पीटीच्या सरांना किंवा मॅडमना अख्खा वर्ग सांभाळायचा असतो, आणि त्याच वर्गातल्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला न्यायचा असतो. अशा माणसाला ‘रोज पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअपला द्या’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखंच. हे पुस्तक मात्र नेमकं तेच सांगतं. म्हणून ही मागणी एवढी अडून का करावी लागते, हे या प्रस्तावनेत जरा सविस्तर सांगायला हवं.

विषय गुडघ्याच्या लिगामेंटचा आहे. गुडघ्याला चार मुख्य लिगामेंट असतात. त्यातलं सांध्याच्या ऐन मध्यात तिरपं बसलेलं एक मैदानावर सगळ्यांना ‘एसीएल’ या नावानं ठाऊक आहे. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी सेंटिमीटरभर. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूनं निघून ते नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागाला जोडलेलं असतं. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना गुडघा पिळू द्यायचा नाही, ही त्याची कामं. नुसतं चालताना, जिना चढताना त्याच्यावर फारसा भार येत नाही. त्यामुळेच तुटल्यानंतर काही आठवड्यांनी मूल बऱ्यापैकी चालू लागतं आणि घरचे म्हणतात, ‘झालं की बरं.’ मग ते पुन्हा मैदानात उतरतं, वळतं, आणि गुडघा दगा देतो. प्रत्येक दग्यासरशी आतली गादी आणि कूर्चा थोडी थोडी फाटत जाते.

ही दुखापत होते कशी, हे अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. खो-खोत एक मुलगी पळतीवर आहे, आक्रमक तिच्या पाठीशी हातभर अंतरावर. बसलेल्या गड्यांच्या मधून निघताना ती डावीकडे जाण्याची हुलकावणी देते आणि उजवीकडे वळायला डावा पाय बाहेर रोवते. पाय शरीरापासून जरा लांब पडतो. टाच आणि चवडा एकदम टेकतात, गुडघा जवळजवळ ताठ असतो, आणि धड मात्र अजून पहिल्याच दिशेला कललेलं. सगळं वजन त्या एका पायावर येतं. गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे ढासळतो. ‘कट्’ असा आवाज होतो, तो कधी तिला एकटीलाच ऐकू येतो, तर कधी शेजारी बसलेल्या गड्यालाही. ती खाली कोसळते. तिला कुणी स्पर्शही केलेला नसतो, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटतं, पाय लचकला असेल. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगतो.

‘कुणी स्पर्शही केलेला नसतो’ ही गोष्ट या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. चेंडूच्या आणि पळापळीच्या खेळांत एसीएल तुटण्याच्या दहापैकी सुमारे सात घटना अशाच असतात: वळताना, एकदम थांबताना, उडीवरून एका पायावर उतरताना. नॉर्वेतल्या संशोधकांनी अशा प्रसंगांची चित्रफीत चौकट-चौकट थांबवून तपासली, तेव्हा लिगामेंट बहुधा पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत तुटतं असं दिसलं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ‘सांभाळून पळ गं’ असं कडेनं ओरडून काही होत नाही, आणि पळणारीनं स्वतः ठरवूनही होत नाही. त्या क्षणी मेंदू विचार करत नसतो. अंगवळणी जे पडलेलं असेल तेच होतं. मग जे अंगवळणी पडायला हवं ते आधी, निवांत असताना, शेकडो वेळा करून घेणं हाच एक मार्ग उरतो. पुढची सगळी पानं याच एका गोष्टीसाठी लिहिलेली आहेत.

हा मार्ग चालतो का, याचं उत्तर शोधायला नॉर्वेतल्याच हँडबॉलकडे जावं लागतं, कारण तिथली गोष्ट यशाइतकीच अपयशासाठीही वाचण्यासारखी आहे. हँडबॉल हा तिथल्या मुलींचा अत्यंत आवडता खेळ. त्यांच्या महिला संघानं २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. पण १९९० च्या दशकात या खेळात मुलींचे गुडघे इतके जात होते की ग्रेटे मिक्लेबुस्ट या फिजिओथेरपिस्ट आणि रोआल्ड बार हे डॉक्टर यांनी महिलांच्या वरच्या तीन श्रेणींतले सगळे संघ अभ्यासायला घेतले. १९९८-९९ चा हंगाम नुसता मोजणीचा होता. त्यात २९ एसीएल तुटले. पुढच्या दोन हंगामांत संघांना पंधरा मिनिटांचा सराव दिला गेला. नुसत्या जमिनीवर, मऊ गादीवर आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायचा, उडी मारून उतरायचं, चेंडू हातात असताना पाय रोवून वळायचं. हंगामाआधीचे पाच-सात आठवडे तो आठवड्यातून तीनदा आणि मग हंगामभर एकदा करायचा होता. दुखापती पहिल्या वर्षी २३ झाल्या, दुसऱ्या वर्षी १७.

आता यातली मेख. सगळे संघ एकत्र धरले तर हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल, इतपतच भरत होता. कारण ठरलेला सराव ठरल्याप्रमाणे पूर्ण करणारे संघ पहिल्या हंगामात जेमतेम एक चतुर्थांश होते. पण अव्वल श्रेणीत ज्यांनी तो पूर्ण केला आणि ज्यांनी केला नाही त्यांची तुलना केली, तेव्हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा निघाला. पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अभ्यास संपला, फिजिओथेरपिस्ट आपापल्या कामाला गेले, क्लबांनी हळूहळू सराव सोडला, आणि दुखापती पुन्हा वर चढल्या. मग प्रशिक्षकांना गाठून, माहिती पुन्हा नव्यानं पोचवून मोहीम उभी करावी लागली, तेव्हा कुठे आकडा परत उतरला. ज्ञान होतं, साधनं होती, पैसा होता, देशही नॉर्वेसारखा. तरीही रोजच्या वेळापत्रकात सरावाला हक्काची जागा नाही म्हटल्यावर सगळं ओसरलं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच, आणि तो डॉक्टरांपेक्षा क्रीडाशिक्षकांना जास्त लवकर कळतो.

बाकीचे पुरावे भराभर सांगतो. इटलीत सहाशे फुटबॉलपटूंवर तोलाच्या फळ्यांचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल १९९६ चा; फळीवर सराव करणाऱ्यांत एसीएल तुटण्याचं प्रमाण कितीतरी कमी निघालं. अमेरिकेत सिनसिनाटीला टिमोथी ह्यूएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींना उडी मारून उतरायला शिकवलं. त्यांचा अहवाल १९९९ चा. कॅलिफोर्नियात १४ ते १८ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये पहिल्या वर्षी ८८ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ७४ टक्के घट दिसली. हे आकडे भाषणांत फार ऐकू येतात, पण त्या संघांनी आपण होऊन भाग घेतला होता, चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली नव्हती. म्हणून ते जरा हात राखूनच वापरावेत. चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास पुढे झाले. नॉर्वेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२० हँडबॉल क्लबांतल्या १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ मुलामुलींमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या तीव्र दुखापती निम्म्यावर आल्या. स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ ते १७ वयाच्या ४,५६४ मुलींच्या अभ्यासात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी घटल्या, तेही आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांच्या सरावात. माझा भरवसा आहे तो या शेवटच्या दोन अभ्यासांवर. फिफानं ‘इलेव्हन प्लस’ नावानं जगभर पोचवलेला वीस मिनिटांचा वॉर्मअप याच मुशीतला आहे. आधी धावणं, मग ताकद-तोल-उड्यांचे सहा प्रकार प्रत्येकी तीन पायऱ्यांत, आणि शेवटी वेगानं धावून वळणं. त्याची लहान मुलांसाठीची वेगळी आवृत्ती युरोपातल्या चार देशांत तपासली गेली, तिथेही दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

या अभ्यासांत मुलीच एवढ्या का दिसतात, हे वाचकाच्या मनात आलं असेलच. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींचं एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन-तीन पट असतं. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड याच कारणानं घरी बसल्या, आणि नेदरलँड्सची व्हिव्हियन मीडेमाही. तिघीही तेव्हा आर्सेनल या एकाच क्लबच्या होत्या. कारणांबद्दल बरीच चर्चा होते: कंबरेची रुंदी, सांध्यांचा सैलपणा, पाळीच्या चक्रातले बदल. असेलही त्यात तथ्य, पण त्यातलं काहीच क्रीडाशिक्षकाच्या हातात नाही. हातात आहे ते वेगळं. वयात येताना मुलीची उंची आणि वजन भराभर वाढतं, पण मुलांच्या स्नायूंना त्या वयात जशी आपसूक बळकटी येते तशी मुलींच्या येत नाही. लांब झालेला पाय आणि वाढलेलं वजन सावरायला मांडीमागचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू कमी पडतात. उडीवरून उतरताना गुडघे आत ढासळतात ते त्यामुळे. हे मात्र सरावानं सुधारतं. शिवाय ही दुरुस्ती वयात येण्याआधी, म्हणजे पाचवी-सहावीत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे अडचण भलतीच आहे. मुलांना तालमीत, जिममध्ये पाठवायला घर तयार असतं. मुलगी ताकदीचे व्यायाम करणार म्हटलं की आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना तिच्या अंगयष्टीची काळजी लागते. पालकसभेत हा विषय काढायची तयारी शिक्षकानं ठेवावी.

आपल्या खेळांकडे वळू. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. कबड्डीत प्रो लीगनं पैसा आणला. दोन्ही खेळ मातीवरून मॅटवर गेले. याचे फायदे उघड आहेत: सूर मारताना कातडी सोलत नाही, पावसात सामना थांबत नाही. पण पायाची पकड वाढते. मातीत पाय जरा घसरतो आणि वळण्याचा ताण थोडा तिथेच जिरतो. रबराच्या तळव्याचा बूट मॅटवर जागच्या जागी थांबतो आणि उरलेला पीळ वर गुडघ्यात जातो. हँडबॉलमध्ये लाकडी जमिनीपेक्षा जास्त घर्षणाच्या कृत्रिम जमिनीवर महिलांचे एसीएल अधिक तुटतात, असं नॉर्वेतल्याच एका अभ्यासात दिसलं होतं. खेड्यातला संघ वर्षभर मातीवर सराव करतो आणि विभागीय स्पर्धेला एकदम मॅटवर उतरतो, तेव्हा मला काळजी वाटते ती याची. शक्य असेल तर स्पर्धेआधी कुठल्या तरी मॅटवर थोडे तास मिळवावेत, आणि तिथे पहिल्या दिवशी पूर्ण वेगात वळू देऊ नये.

कबड्डीबद्दल एक गोष्ट सरळ सांगायला हवी. चढाईपटूचा पाय घोट्यात किंवा मांडीत पकडला गेला आहे, वरून दोघे-तिघे कोसळले आहेत आणि तो मध्यरेषेकडे झेपावतो आहे. अशा वेळी गुडघा पिळला तर कुठलाही वॉर्मअप त्याला शंभर टक्के वाचवू शकत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा असाच प्रतिस्पर्ध्याशी झटापटीत गेला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. दोन वर्षांत तिनं आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, पण प्रत्येकाच्या मागे तेवढं पाठबळ नसतं. या पुस्तकातला सराव अशा दुखापतींवरचा पुरा तोडगा नव्हे. तरी कबड्डीतही चढाईपटू बोनस रेषेवरून एका पायावर मागे फिरतो, संरक्षक धावत येऊन एकदम थांबतो, हवेत उसळलेला खेळाडू एका पायावर उतरतो. त्या क्षणी त्याला कुणी धरलेलं नसतं, आणि तिथे हा सराव कामाला येतो.

काही समजुती मात्र सोडाव्या लागतील. गुडघ्यावर नी-कॅप चढवली की गुडघा सुरक्षित, ही पहिली. दुकानातली ती लवचीक नळी ऊब देते, थोडा धीर देते, लिगामेंट वाचवत नाही. दुसरी, मैदानाला दोन फेऱ्या आणि बसून केलेलं ताणणं म्हणजे वॉर्मअप. तिसरी जास्त नाजूक आहे, कारण तिच्यात आपला अभिमान गुंतलेला आहे: तालमीतल्या बैठका काढणाऱ्याला गुडघ्याची भीती नाही. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग दणकट होतो हे खरं, पण गुडघा जवळजवळ ताठ असताना हेच पुढचे स्नायू नडगीला पुढे ओढतात. तिला मागे धरून ठेवतात ते मांडीमागचे. बैठकांच्या जोडीला म्हणूनच तो साधा, मुलांना अजिबात न आवडणारा व्यायाम घ्यावा: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता अंग हळूहळू पुढे झुकवत न्यायचं. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं निम्म्यात हातांवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरून वर्गात येतात. फेऱ्या कमी ठेवून सुरुवात केली की दोन आठवड्यांत ही ओरड थांबते.

दुखापत झाल्यानंतर काय होतं, तेही शिक्षकाला ठाऊक असावं, कारण पालक पहिला फोन त्यालाच करतात. गुडघा दोन तासांत सुजला, किंवा टेकवताना निसटतो आहे असं मूल म्हणालं, तर चोळायचं नाही, ‘चालून बघ’ म्हणायचं नाही. बर्फ, विश्रांती आणि सांध्यांचा डॉक्टर. खेळात परतायचं असेल तर बहुतेक वेळा दुर्बिणीनं ऑपरेशन करून नवं लिगामेंट बसवतात. वाढीच्या वयातल्या मुलांत हाडाच्या वाढणाऱ्या टोकाला धक्का लागू नये म्हणून ते जास्त जपून करावं लागतं. त्यानंतर किमान नऊ महिने स्पर्धा नाही. या नऊ महिन्यांत घाई करणाऱ्यांचे गुडघे पुन्हा जातात. खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी जवळपास चौघांत एकाला तीच दुखापत त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा होते. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना बारा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं सरासरी वय होतं ३१ आणि निम्म्याजणींच्या एक्स-रेत सांध्याची झीज दिसत होती. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव पाच टक्के जागा: पोलीस भरतीची स्वप्नं पाहणाऱ्या कित्येक घरांत मुलीचा खेळ हा घर वर काढण्याचा रस्ता असतो. भरतीच्या मैदानात धावावं लागतं, आणि गुडघा गेला की तो रस्ताही बंद होतो.

म्हणून पुन्हा वेळेकडे. वीस मिनिटं वेगळी काढता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. ती काढायचीही नाहीत. मुलं हजेरी होईपर्यंत उभी असतात तेव्हा एका पायावर उभी करा, समोरासमोर जोड्या लावून चेंडू फेकायला लावा. मैदानाच्या फेऱ्या बंद करा आणि त्या जागी वळणं-थांबणं घालून धावणं घ्या. खो-खोच्या सरावात उठणं, पळणं, दिशा घेणं आहेच. त्यात फक्त पाय कसा पडतो ते बघायला सुरुवात करा. सूचना थोड्या आणि नेहमी त्याच शब्दांत द्या. ‘उतरताना आवाज नको.’ ‘गुडघा अंगठ्याच्या बाहेर.’ ‘छाती वर, बसका मागे.’ ‘वळताना छोटी पावलं.’ एवढ्या पुरेत. शरीररचनेचं व्याख्यान मुलांना नको असतं, आणि खरं सांगायचं तर वॉर्मअप कंटाळवाणाही असतो. त्यावर उपाय म्हणजे संघातल्या एका मुलीकडे तो सोपवायचा आणि दर आठवड्याला ती बदलायची. मुली एकमेकींचे गुडघे शिक्षकापेक्षा जास्त कडक नजरेनं बघतात.

कुणावर आधी लक्ष द्यायचं, हे ठरवायला यंत्र लागत नाही. वर्गातला फूटभर उंचीचा बाक मैदानात आणा. एकेकीला त्यावरून खाली उडी मारून लगेच सरळ वर उसळी घ्यायला सांगा, आणि समोर उभं राहून फक्त गुडघे बघा. फोनवर चित्रफीत काढली तर सावकाश करून पुन्हा पाहता येते. ज्यांचे गुडघे उतरताना एकमेकांकडे झुकतात त्यांची नावं वहीत टिपा. ही परीक्षा कोणाला दुखापत होणार ते सांगत नाही; कोणाला जास्त सराव हवा तेवढं सांगते. त्या मुलींना कुणासमोर ‘तुझे गुडघे वाकडे’ असं म्हणू नका.

जूनमध्ये शाळा उघडते आणि पावसाळ्यातच तालुक्याच्या स्पर्धा सुरू होतात, म्हणजे तयारीला हातात सहा-आठ आठवडे. पहिले तीन आठवडे पुढल्या प्रकरणांतली फक्त पहिली पायरी घ्या, आठवड्यातून तीनदा. उड्या दोन पायांवरच ठेवा. ज्या मुलीला दहा वेळा आवाज न करता उतरता येतं तिलाच एका पायावरच्या उड्यांकडे न्या, बाकीच्यांना थांबवा, मग ती संघाची कर्णधार असली तरी. सामन्याच्या दिवशी ताकदीचे व्यायाम गाळा, धावण्याचे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही भाग घ्या. आणि स्पर्धा संपल्या की दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा; नॉर्वेच्या क्लबांनी सोडून दिलं ते नेमकं इथेच.